पश्चिममुखी

जळगावचं आमचं घर विकलं त्याच वर्षी समोरच्या काकांचंही घर विकलं गेलं. एकाच सोसायटीतली घरं, एकाच ठेकेदारानं एकाच नकाशावर बांधलेली. पुढं ओटा, मग बैठक, आत स्वयंपाकघर, मागं मोरी आणि गच्चीवर जायला लोखंडी जिना. दोन म्हातारे समोरासमोर बसून एकमेकांकडं बघतात तशी ती दोन घरं. काकांना आमच्यापेक्षा साडेतीन लाख जास्त आले. त्यांच्या घराचं तोंड पूर्वेला होतं आणि आमचं पश्चिमेला, बाकी काही नाही.

खानदेशातला मे महिना ज्यानं काढलाय त्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. चव्वेचाळीस-पंचेचाळीसच्या उन्हात दुपारी तीननंतर आमच्या फाटकाला हात लावता यायचा नाही. पुढची भिंत सगळी दुपार तापायची आणि रात्री दहा-अकरापर्यंत ती आग बैठकीत सोडत राहायची. काकांच्या ओट्यावर त्याच वेळी सावली असायची. पहिलाच उन्हाळा काढल्यावर दादांनी, म्हणजे आमच्या वडलांनी, फाटकाशेजारी कडुनिंब लावला. तो मोठा होईपर्यंत रोज संध्याकाळी ते ओट्यावर बादल्या ओतायचे. पहिल्या दोन बादल्यांचं पाणी नुसतं चर्र करून उडून जायचं, तिसरीला फरशी ओली दिसायची. दहा-बारा वर्षांनी निंब गच्चीच्या वर गेला, आणि मग आमच्या ओट्यावरही चार वाजता माणसं बसायला लागली.

घर घ्यायला आलेल्या गृहस्थांनी पश्चिमेचे पैसे कापलेच, वर निंबाचेही कापले. त्याचा पाला पडतो, मुळं पायाला लागतात, आणि पुढं एखादं दुकान काढायचं म्हटलं तर शटरच्या तोंडाशी झाड. घराचा जो एकमेव दोष होता त्यावर दादांनी पंधरा वर्षं खपून काढलेला इलाज, व्यवहारात तो दुसरा दोष म्हणून मोजला गेला. दादा काही बोलले नाहीत. मला मात्र तो सल राहिला, आणि तो घेऊनच मी गेल्या हिवाळ्यात आप्पांबरोबर समुद्रावर गेलो.

आप्पा माझे थोरले मावसभाऊ. साक्री तालुक्यात पांझरेच्या काठी त्यांची शेती. मुलगा पुण्यात कॉम्प्युटरवर काम करतो. समुद्राजवळ एक घर घेऊन ठेवायचं, सुट्टीत राहायचं, एरवी भाड्यानं द्यायचं, असं त्याच्या डोक्यात बसलं होतं. आधी त्यानं अलिबाग पाहिलं. पण २०२० च्या मार्चमध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाड्या नेणारी रो-रो बोट सुरू झाली, आणि २०२४ च्या जानेवारीत अटल सेतू खुला झाला. मुंबईचा माणूस सकाळी निघून जेवायला अलिबागेत पोचू लागला. तिथला समुद्र होता तिथंच राहिला, मुंबई जवळ सरकली. तिथले भाव ऐकून मुलानं नकाशावर बोट खाली सरकवलं आणि ते दापोली तालुक्यात येऊन थांबलं. त्याला रजा मिळेना, म्हणून आप्पा निघाले. कागद वाचायला कुणीतरी पाहिजे, म्हणून बरोबर मी.

धुळे, मालेगाव, नाशिक, कसारा, पनवेल, माणगाव. मंडणगडच्या पुढं रस्ता वळणं घ्यायला लागला तसे आप्पा गप्प झाले. नजर पोचेल तिथवर सपाट वावर पाहायची सवय असलेल्या माणसाला त्या हिरव्या घळी जरा अंगावर येतात. पहिल्यांदा समुद्र दिसला तेव्हा त्यांनी गाडी थांबवायला लावली, पाच मिनिटं बघितलं आणि मग टपरीवर वीस रुपयांची पाण्याची बाटली घेताना म्हणाले, "आठे इतलं पानी, आन पेवाले इकत?"

एजंटानं दाखवायला ठेवलेली घरं दोन होती. फार वर्षांपूर्वी दोन भावांनी एकाच गवंड्याकडून बांधून घेतलेली. जांभ्याच्या चिऱ्यांचं जोतं, वर मंगलोरी कौलं, पुढं पडवी, मग ओटी, माजघर, मागं पडघर. खिडक्यांचे गजसुद्धा सारखे. एक घर समुद्राच्या अगदी अंगाशी, वाडीच्या टोकाला, भरतीच्या रेषेपासून शंभर-सव्वाशे मीटरवर. दुसरं त्याच्यामागं, रस्त्याच्या पलीकडं, जरा चढावर. आप्पांनी न विचारताच ठरवून टाकलं होतं की पुढचं महाग असणार. पाण्याजवळचं वावर महाग, हा त्यांचा जन्माचा अनुभव. पांझरेवर फडाची पद्धत आहे. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटातून चाऱ्या, पाणी सोडायला पाटकरी. पाटाच्या तोंडाला ज्याचं वावर त्याची मुलगी करायला सोयरे आधी येतात, शेवटाला ज्याचं त्याच्याकडं मागून, असं आप्पा गमतीनं सांगतात.

एजंटानं किमती सांगितल्या त्या उलट्या. मागचं घर पुढच्याच्या दीडपट.

आप्पांना वाटलं ऐकण्यात चूक झाली. मलाही तसंच वाटलं. मग अख्खा दिवस आम्ही त्या दोन घरांच्या मध्ये येरझारा घालत काढला, आणि मला वाटतं, ते दीडपटीचं कोडं सुटायला तेवढा दिवस लागतोच.

पहिलं कारण विहिरीत होतं. पुढच्या घराची विहीर चिरेबंदी, देखणी, रहाट अजून शाबूत. आप्पांनी ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि चूळ भरून टाकलं. मचूळ. समुद्रकाठच्या जमिनीत पावसाचं गोडं पाणी खाऱ्या पाण्याच्या वर तरंगून राहतं, कारण खारं पाणी जड. रहाटानं चार घागरी काढल्या तर वरचं गोडं पाणी पुरतं. शेजारी कुणी तीन अश्वशक्तीचा पंप बसवून पोहण्याचे तलाव भरायला लागला की गोडा थर पातळ होतो आणि खालून खारं वर चढतं. त्या घराच्या शेजारी नेमकं तसंच झालं होतं. मागच्या घराची विहीर चढावर, तिचं पाणी आप्पा दोन तांबे प्यायले.

दुसरं कारण माझ्या पिशवीतल्या कागदांत. आपल्याकडं समुद्र नाही म्हणून आपल्याला ठाऊक नसतं, पण किनाऱ्याचा एक वेगळा कायदा आहे. पर्यावरण संरक्षण कायद्याखाली १९९१ साली पहिली अधिसूचना निघाली, ती २०११ ला बदलली, मग २०१९ ला. तिकडं लहान पोरंसुद्धा त्याला 'सीआरझेड', म्हणजे कोस्टल रेग्युलेशन झोन, म्हणतात. उधाणाच्या भरतीचं पाणी जिथवर चढतं ती रेषा धरायची आणि तिथून पाचशे मीटरपर्यंत बांधकामावर बंधनं. खेड्यात तर पहिल्या दोनशे मीटरमध्ये नवीन बांधकाम जवळजवळ नाहीच. २०१९ नंतर जिथं वस्ती दाट, म्हणजे २०११ च्या जनगणनेत चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा जास्त माणसं, तिथं हे अंतर पन्नास मीटरवर आलं. पण माडा-पोफळींत विखुरलेल्या अशा गावाला ती सवलत कुठली. पुढचं घर जुनं, कायद्याच्या आधीचं, म्हणून उभं आहे. डागडुजी करा, कौलं बदला. जोतं वाढवायचं नाही, मजला चढवायचा नाही. भाड्यानं देण्यासाठी मागं चार खोल्या काढायच्या, हा आप्पांच्या मुलाचा बेत तिथंच संपला. मागचं घर दोनशेच्या बाहेर. तिथंही हवं ते करता येतं असं नाही, पण परवानगी मागायला जागा तरी आहे.

हे मी वाचून दाखवत असताना आप्पा मागच्या घराच्या ओटीवर उभे होते. तिथून खालच्या घराची कौलं दिसतात आणि कौलांवरून सरळ समुद्र. मधे काही नाही. ते बराच वेळ बघत राहिले, आणि मग जे बोलले ते मला एकट्याला सुचलं नसतं. "समोरना घरले हात लावता येत नई," ते म्हणाले, "म्हनीसन मांगना घरना भाव वाढना."

एजंट हसला. खरंच होतं ते. खालच्या घरावर उद्या दोन मजले चढले असते तर वरच्या ओटीवरून समुद्राऐवजी कुणाची तरी पाण्याची टाकी दिसली असती. ज्या कायद्यानं खालच्या घराचा हात बांधला, त्यानंच वरच्या घराला समुद्र राखून दिला, तोही फुकट. खालच्या भावाच्या वारसांनी जेवढं गमावलं त्यातलं बरंचसं वरच्या भावाच्या वारसांच्या खात्यात गेलं होतं, आणि दोघांनीही त्यासाठी एक वीट इकडची तिकडं केलेली नव्हती. मला आमच्या गल्लीतली दुपार आठवली. काकांच्या ओट्यावर पडणारी सावली त्यांच्याच घराची होती हे खरं, पण ती त्यांनी कमावलेली थोडीच होती?

अर्थशास्त्रात याला एक बैठक आहे. शेर्विन रोझेन नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानं १९७४ साली मांडणी केली की घरासारखी वस्तू म्हणजे अनेक गुणांची मोट. पाणी, रस्ता, दिशा, शेजार, नजारा, यातल्या एकेकाचं वेगळं दुकान कुठंच नाही, तरी प्रत्येकाचा भाव त्या एकूण किमतीत लपलेला असतो, आणि पुष्कळ व्यवहार शेजारी शेजारी ठेवून पाहिले तर तो बाहेर काढता येतो. हे वाचून मी फार भारावलो नाही, कारण रावेर-यावलच्या कुठल्याही केळीवाल्याला ते ठाऊक आहे. नवती म्हणजे नव्या लागवडीची, पिलबाग म्हणजे आधीच्या खोडाच्या पिलांवर धरलेली, दोन्ही केळीच. ताटात सोलून ठेवली तर खाणाऱ्याला कळणार नाही कुठली कुठली. पण भाव निघतो तो वेगवेगळा. आणि ज्याच्या बागेपर्यंत ट्रक जातो त्याचा माल आधी कापला जातो, ज्याच्या बांधापर्यंत चिखल त्याच्याकडं व्यापारी उद्या येतो म्हणतो.

चिखलावरून रस्ता आठवला. वरच्या घराच्या फाटकापर्यंत गाडी जाते. खालच्याला पाखाडीनं, म्हणजे दगडी पायवाटेनं, उतरावं लागतं, बॅगा हातात धरून, आणि ती पाखाडीही तिसऱ्याच्याच वाडीतून जाते. वहिवाट आहे, कागद नाही. पुण्याहून येणारी माणसं सामान उचलून चालत नाहीत, असं एजंट म्हणाला. मीही चालत नाही, पण गप्प बसलो.

खालच्या वाडीचा सातबारा पाहिला तर त्यावर अकरा नावं. एक गिरगावात, दोन बडोद्याला, एकाचा पत्ता कुणालाच माहीत नाही. वरच्या वाडीची वाटणी होऊन फेरफार झालेला, नाव एक. बागेची जमीन शेतीची असल्यामुळं ती घ्यायला घेणारा शेतकरी असावा लागतो. १९४८ च्या कूळकायद्याची ती अट. आप्पांनी साक्रीचा सातबारा पुढं केला तेव्हा एजंटाचा चेहरा खुलला. शहरातली निम्मी गिऱ्हाइकं त्याच अटीवर गळतात म्हणे. सरकारी बाजारमूल्याच्या तक्त्यात मात्र दोन्ही घरांना एकच दर लागत होता. मुद्रांक शुल्काला विहीर गोडी की मचूळ याच्याशी देणंघेणं नाही.

जेवून आम्ही पुन्हा खालच्या घरी गेलो. वारसांपैकी एक आजी तिथं एकट्या राहतात. पडवीत बसून सुपाऱ्या सोलत होत्या. त्यांची पाठ समुद्राकडं होती. तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं की अख्खं घरच समुद्राकडं पाठ करून आहे. पडवी, ओटी, तुळस, सगळं पाखाडीच्या बाजूला. समुद्राच्या अंगाला मोरी, लाकडांची खोप आणि शेणाचा उकिरडा. तिथल्या जुन्या आळ्यांमधली बहुतेक घरं अशीच आहेत. तोंड गावाकडं, मागं लांबलचक वाडी, आणि वाडीच्या टोकाला, नको असलेलं ठेवायच्या जागेच्याही पलीकडं, समुद्र.

आप्पांनी त्यांना नमस्कार केला आणि बोलायला काहीतरी म्हणून म्हणाले, इथून समुद्र किती छान दिसतो.

"हल्ली दिसतो," आजी म्हणाल्या. "वादळात झाडं गेली ना सगळी."

३ जून २०२० चं निसर्ग चक्रीवादळ. रायगडच्या किनाऱ्यावर चढलं, पण दापोली-मंडणगडलाही झोडपून गेलं. त्यांच्या वाडीतले सतरा माड आणि पोफळींची अख्खी रांग दुपारभरात आडवी झाली. कौलं उडाली ती शेजारच्या विहिरीत सापडली. माड लावला तर फळ धरायला सहा-सात वर्षं, पोफळीचंही तेच. आता लावायचं कुणासाठी, म्हणून त्यांनी लावलं नाही. उघड्या झालेल्या त्या जागेतून समुद्र दिसायला लागला, आणि एजंटाच्या मोबाइलवरच्या जाहिरातीत 'सी-व्ह्यू' हा शब्द आला.

"आधी कधी दिसलाच नव्हता?" मी विचारलं.

"कशाला दिसायला हवा होता? ऐकू येत होता, तेवढं पुरे होतं." त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. "झाडं होती तेव्हा वारा गाळून यायचा. आता मीठ थेट आत येतं. हे बघा."

त्यांनी बोटानं दाखवलं ते मी अजून विसरलो नाही. खिडकीचा गज. मूळचा बोटाएवढा जाड असावा. मधोमध तो खडूसारखा बारीक झाला होता, आणि वर-खाली जिथं चौकटीत घुसतो तिथं उलट फुगून, पापुद्रे सुटून, त्यानं लाकूड फोडलं होतं. गंजलेलं लोखंड मूळच्यापेक्षा जास्त जागा मागतं. मागच्या मोरीवर कुणीतरी सिमेंटचा स्लॅब टाकला होता. त्याच्या खालून सळ्यांच्या रेषेत प्लास्टर सुटून पडलं होतं, अगदी कुणी खडूनं आखून फोडल्यासारखं. चिऱ्याच्या भिंतीला मात्र काही झालेलं नव्हतं. जुन्या लोकांनी तिथं लोखंड कमी का वापरलं हे त्या मोरीकडं बघून कळत होतं. वरच्या घराचे गज मी मुद्दाम जाऊन पाहिले. रंग उडालेला, बाकी ठणठणीत. दीडशे मीटरचं अंतर आणि मधे उरलेली थोडी झाडं, एवढ्यानं तो फरक.

आपल्याकडं काळ्या जमिनीत पाया हलतो आणि भिंतींना तडे जातात, ते आपण बघून भाव पाडतो. पण ते तडे निदान गिऱ्हाईक येण्याआधी चुना भरून झाकता येतात. गजाचं काय झाकणार.

वारसांना घाई होती. अकरापैकी कुणाला तरी दवाखान्यासाठी पैसे हवे होते, आणि अकरा जणांना एका दिवशी निबंधकाच्या कार्यालयात आणणं ही गोष्ट पुन्हा जमेल की नाही कुणी सांगावं. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, मला ते म्हणणं कधी पटलं नाही. त्याला अक्कल असते, वेळ नसतो. आजींना किंमत कमी आहे हे पक्कं ठाऊक होतं. शेजारच्या तालुक्यात गेल्या वर्षी कुठलं घर कितीला गेलं, ते त्यांनी आम्हाला नावानिशी सांगितलं.

आप्पांनी पुण्याला फोन लावला. पोरानं विचारलं, सनसेट दिसतो का? आप्पांना शब्द कळला नाही, मी सांगितलं. मग आप्पा म्हणाले, दिसतो, दोन्हीकडून दिसतो, पश्चिम आहे ना. पोरगा खूश झाला. त्याला म्हणे पश्चिमेचंच हवं होतं. संध्याकाळी चहा घेत बसायला तीच बाजू लागते, भाडेकरूही त्याचेच पैसे देतात.

मी फोन आप्पांकडं परत दिला. दादांनी पंधरा वर्षं ज्याच्यावर बादल्या ओतल्या, ज्याच्या आड झाड उभं केलं, तोच सूर्य. तीच वेळ, चार ते सात.

घर काही घेतलं नाही. वरचं झेपेना आणि खालचं घ्यायला आप्पांचं मन होईना. विहीर, सातबारा, गज, ही सगळी कारणं त्यांनी पोराला सांगितली. मला सांगितलं ते वेगळं होतं. अकरा जणांनी सह्या केल्यावर आजी कुठं जाणार, हे त्यांनी एजंटाला विचारलं होतं आणि एजंटानं खांदे उडवले होते.

येताना चांदवडच्या पुढं एका ढाब्यावर थांबलो. शेवभाजीच्या तर्रीत भाकरी चुरत आप्पांनी एकदम विचारलं, "तुनं जळगावनं घर कितलामा गयं व्हतं रे?"

मी आकडा सांगितला. काकांचाही सांगितला. आप्पा काही बोलले नाहीत, फक्त मान हलवली. धुळ्याहून साक्रीकडं वळायचं सोडून ते मला सोडायला जळगावपर्यंत आले, आणि आले तसे म्हणाले, चल, दाखव एकदा.

आम्ही गल्लीत गेलो तेव्हा दुपारचे साडेचार झाले असतील. माघ महिना, तरी ऊन डोळ्यांत घुसत होतं. फाटकाशेजारी निंब नव्हता. बुंधा जमिनीसपाट कापून वर सिमेंटचा गोल थापला होता. दुकान काही निघालेलं नव्हतं. ओट्याच्या कडेला चार लोखंडी पाइप पुरून नव्या मालकानं पश्चिमेच्या बाजूनं हिरवी जाळी ताणून बांधली होती, शेतावरच्या शेडनेटसारखी. एका कोपऱ्यात ती सुटली होती आणि वाऱ्यानं फडफडत होती. आत खुर्चीवर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. आम्ही बघतोय असं पाहून ते उठले, सुटलेलं टोक ओढलं आणि सुतळीनं पुन्हा गाठ मारायला लागले.